रीफ टँकमधला व्हाइट स्पॉट: डाग गेले तरी आजार गेलेला नसतो

पत्र: ताई, माझा ३०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरल आणि माशांचा) आहे, दोन वर्षं झाली, कोरल छान वाढलेत. क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक वॉचमन गोबी आणि त्याच्याबरोबर राहणारा पिस्टल श्रिंप, सगळे मजेत होते. मागच्या महिन्यात ब्लू टँग आणला आणि सरळ टँकमध्ये सोडला. आठवड्याभरात त्याच्या अंगावर पाच-सहा पांढरे ठिपके दिसले, चौथ्या दिवशी गेले, आम्ही खूश. दहा-बारा दिवसांनी परत आले ते ढिगाने, आता ग्रामावर पण आहेत आणि क्लाउनच्या फिन्सवर पण. रीफ सेफ (म्हणजे कोरलला इजा न करणारं) लिहिलेलं औषध अर्धी बाटली घालून झालं. कोणी म्हणतं लसूण दे, कोणी म्हणतं क्लीनर श्रिंप आण, कोणी म्हणतं पाणी गरम कर, कोणी म्हणतं थोडंसं कॉपर (तांब्याचं औषध) टाक काही होत नाही, आणि एक जण म्हणतो हा आजार सगळ्यांच्याच टँकमध्ये असतो, सोडून दे. सगळे मासे बाहेर काढून टँक अडीच महिने तसाच ठेवायचा असंही वाचलं पण मला ते बघवणार नाही. मासे अजून खातायत. माझ्यामुळे झालं हे असं सारखं वाटतंय. काय करू?

उत्तर:

आधी सगळ्यात महत्त्वाचं, कॉपर टँकमध्ये टाकू नका. थोडंसं पण नाही, अर्धा डोस पण नाही. बाकी सगळं खाली सविस्तर लिहिते पण हे एवढं आत्ताच्या आत्ता वाचा, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही सुधारायला फार अवघड आहे. कॉपरने पॅरासाइट (हे ठिपके आणणारा सूक्ष्म परजीवी) मरतो तसेच कोरल, गोगलगायी, खेकडे आणि तुमचा तो पिस्टल श्रिंप पण मरतो, आणि वर लाइव्ह रॉक (टँकमधले जिवाणू राहणारे दगड) आणि सँड ते कॉपर शोषून घेतात, म्हणजे माशांना लागेल एवढं पाण्यात टिकत नाही आणि नंतर तेच हळूहळू सुटत राहतं. मासेही बरे होत नाहीत आणि रीफही जातो.

आणि मासे अजून खातायत हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण पूर्ण पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच आहे. खाणारा मासा वाचवता येतो. तुमच्या हातात अजून वेळ आहे, फक्त तो वेळ रीफ सेफ बाटल्यांवर घालवायचा नाही.

तुम्ही जे वर्णन केलंय, ठिपके आले, गेले, मग दहा-बारा दिवसांनी कितीतरी पटीने आले, तो व्हाइट स्पॉटचा, म्हणजेच मरीन इकचा म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्सचा अगदी ओळखीचा नमुना आहे. मधल्या काळात तो कुठे होता हे एकदा नीट समजलं की पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माशाच्या अंगावर जो पांढरा ठिपका दिसतो तो पॅरासाइट माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून बसलेला असतो, तिथे तो साधारण ३ ते ७ दिवस खातो, वाढतो, आणि मग स्वतःहून माशाला सोडून निघून जातो. कोणी मारला म्हणून नाही, त्याचं खाणं झालं म्हणून. हे सुटणं बहुतेक वेळा अंधारात होतं. मग तो दगडावर, वाळूवर, काचेवर, पंपावर, गोगलगायीच्या शंखावर, कुठेही चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच करून घेतो. त्या कवचाच्या आत त्याचे भाग पडत जातात, एकाचे दोनशेच्या आसपास किंवा जास्त पण होऊ शकतात, आणि कवच फुटलं की हे सगळे पोहत मासा शोधायला निघतात. त्यांच्याकडे वेळ थोडा असतो, पहिल्या काही तासांतच त्यांची ताकद झपाट्याने कमी होते आणि एक-दोन दिवसांत मासा नाही मिळाला तर मरतात. समुद्रात एवढ्या पाण्यात मासा सापडणं कठीण, म्हणून तिथे माशांच्या अंगावर एखाद-दुसरा ठिपका असतो आणि मासा मजेत असतो. आपल्या टँकमध्ये ते कवच फुटतं पहाटेच्या सुमारास, मासा झोपलेला असतो त्याच दगडापासून चार बोटांवर. म्हणून दुसऱ्या खेपेला ढिगाने.

म्हणजे तुम्ही खूश झालात त्या दिवशी पॅरासाइट मेलेला नव्हता, फक्त माशावरून उतरून दगडावर गेला होता. जगात जेवढ्या जणांना वाटतं ना की माझ्या अमुक औषधाने इक चार दिवसांत गेला, त्यातल्या बहुतेकांनी हेच पाहिलेलं असतं. तुमच्या वेळी तर काहीच न घालता गेले होते डाग, हे लक्षात ठेवा, पुढे कोणी बाटली सुचवली की उपयोगी पडेल.

आता यातून एक गोष्ट अगदी सरळ निघते. कातडीखाली बसलेल्याला औषध लागू पडत नाही, कवचातल्याला पण पडत नाही, पडतं ते फक्त पोहणाऱ्याला. आणि पोहणाऱ्याला मारेल एवढं जोरदार औषध कोरलला आणि श्रिंपला चालत नाही, कारण ते पण नाजूक जीवच आहेत. रीफ सेफ औषधाची अडचण हीच आहे. ते प्रामाणिकपणे रीफ सेफ असेल तर पॅरासाइटलाही बहुतेक सेफच असतं. म्हणून लढाई दोन जागी वेगवेगळी करायची, मासे बाहेर काढून त्यांना वेगळ्या टँकमध्ये औषध द्यायचं, आणि मुख्य टँक माशांशिवाय ठेवून तिथला पॅरासाइट उपाशी मारायचा. दुसरा भरवशाचा रस्ता मला माहीत नाही.

पण मासे काढायच्या आधी एक खात्री करा, हा नक्की इकच आहे ना. कारण मरीन व्हेल्वेट असेल तर तुमच्याकडे आठवडा नाही, कदाचित दोन दिवस आहेत. व्हेल्वेट म्हणजे अमायलूडिनियम, त्यात मिठाच्या खड्यासारखे मोजता येणारे ठिपके नसतात, अंगावर बारीक पावडर भुरभुरल्यासारखी दिसते, टॉर्च तिरका मारला की सोनेरी-राखाडी झाक येते. पण कितीतरी वेळा तो आधी कल्ल्यांमध्ये बसतो आणि अंगावर काही दिसायच्या आतच मासा जातो, त्यामुळे डागांपेक्षा वागणं बघा. श्वास खूप जोरात चाललाय, पावरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड घालून उभा राहतोय, लाइट टाळतोय, खाणं एकदम सोडलंय, हे दिसलं तर व्हेल्वेट धरूनच चाला. क्लाउनच्या अंगावरून पांढरट चिकट पापुद्रे सुटायला लागले तर तो ब्रूकलिनेला, त्याला कॉपर चालत नाही, फॉर्मलिन लागतं, आणि ते वापरताना हातमोजे आणि उघड्या खिडक्या पाहिजेतच. फिन्सवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत पांढरा गोळा जो आठवडाभर तिथेच आहे, हलत नाही, तो लिम्फोसिस्टिस, व्हायरस आहे, बहुतेक वेळा चांगल्या खाण्यावर स्वतःच जातो, त्याला औषध नको. तुमच्या पत्रावरून मला इकच वाटतोय, कारण व्हेल्वेट असता तर टँग दुसऱ्या खेपेपर्यंत टिकला नसता.

आता ते सगळे सल्ले जे तुम्हाला मिळालेत. लसणाने मासा खायला जरा जास्त तयार होत असेल, होऊ दे, पण पॅरासाइट जात नाही. क्लीनर श्रिंप माशाच्या अंगावरची मेलेली कातडी वगैरे खातो, कातडीखालचा पॅरासाइट उकरून काढत नाही, आणि क्लीनर रास आणलात तर तो स्वतः मासाच आहे, त्यालाही इक होतो, म्हणजे आणखी एक आजारी. पाणी गरम करायचा सल्ला गोड्या पाण्याच्या इकचा आहे, तो पूर्ण वेगळा जीव आहे, नाव सारखं म्हणून लोक उपाय पण तोच सांगतात. इथे पाणी गरम केलं तर पॅरासाइटचं चक्र उलट जोरात फिरतं आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, नेमका कल्ले खराब झालेल्या माशांसाठी. यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवणं, चांगली गोष्ट आहे, पोहणाऱ्यांची संख्या कमी करते, पण जे यूव्हीपर्यंत पोहोचायच्या आधीच माशापर्यंत पोहोचतात त्यांचं काय. तेवढ्यावर आजार निपटत नाही.

आणि तो शेवटचा, सगळ्यांच्याच टँकमध्ये असतो, सोडून दे. हे मला मनापासून पटत नाही. हा पॅरासाइट हवेतून आपोआप उगवत नाही, तो कुठल्या तरी ओल्या गोष्टीबरोबर येतो, मासा, कोरलचा प्लग (ज्या छोट्या बैठकीवर कोरल चिकटवलेलं येतं ती), गोगलगाय, दुसऱ्याच्या टँकचं पाणी. जो येतो तो घालवता येतो, आणि परत येऊ न देणंही जमतं. हो, काही लोक इकसकट टँक वर्षानुवर्षं चालवतात, माशांना थोडी प्रतिकारशक्ती येते, चांगलं खाणं, यूव्ही, कमी मासे, आणि डाग दिसत नाहीत. पण तो तिथेच असतो, कल्ल्यांमध्ये थोडा थोडा, आणि मग एक दिवस हीटर बंद पडतो किंवा नवा मासा येतो किंवा दोन मासे भांडतात, आणि परत पहिल्यापासून. तुमच्याकडे तर ब्लू टँग आहे, या जातीला इक फार पटकन होतो. त्याला घेऊन हा जुगार खेळू नका असं मला अगदी स्पष्ट सांगायचंय.

तर आता कामाला लागू.

क्वारंटाइन टँक, म्हणजे मासे वेगळे ठेवून औषध द्यायचा टँक, साधा पाहिजे, जितका साधा तितका चांगला. तुमच्या पाच माशांसाठी १०० ते १५० लिटर, टँग अजून लहान असेल तर. हीटर, एअर स्टोन, स्पंज फिल्टर, आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, बस. वाळू नाही, दगड नाही, कारण ते कॉपर शोषतात. गोबीला वाळूशिवाय करमत नाही, त्याला एका कोपऱ्यात छोटा पाइप आणि थोडा अंधार द्या, तेवढे दिवस निभावतो. पाणी नवीन मीठ कालवून केलेलं घ्या, सॅलिनिटी (खारटपणा) आणि टेंपरेचर मुख्य टँकशी जुळवून. टँक एकाच खोलीत शेजारी-शेजारी ठेवू नका. हे लोकांना अतिशयोक्ती वाटते पण नाहीये, व्हेल्वेटचे पोहणारे कण बुडबुड्यांच्या तुषारांबरोबर हवेतून ३ मीटरपर्यंत गेलेले २००६ मध्ये प्रयोगात दाखवले गेलेत. जाळी वेगळी, बादली वेगळी, टॉवेल वेगळा, आणि क्वारंटाइनमध्ये हात घातला की धुऊन कोरडा केल्याशिवाय रीफमध्ये नाही. पूर्ण वाळवणं हा फार चांगला उपाय आहे, सुकलेल्या वस्तूवर हा पॅरासाइट टिकत नाही.

पकडणं हा खरा त्रासाचा भाग. टँकभर जाळी घेऊन माशामागे धावलात तर मासे अर्धमेले होतील आणि कोरल तुटतील. त्यापेक्षा स्वच्छ बादल्यांमध्ये पाणी काढून पातळी एक तृतीयांशपर्यंत उतरवा, वरचे दगड त्याच पाण्यात ठेवा, आणि मग दोन जाळ्या वापरा, एक स्थिर धरायची आणि दुसरीने हळूच त्याच्याकडे वळवायचं. ग्रामा आणि क्लाउन रात्री लाइट गेल्यावर तासा-दोन तासांनी टॉर्चच्या उजेडात बरेच सोपे पडतात, झोपेत गोंधळलेले असतात. टँगला शेपटीजवळ धारदार काटा असतो, जाळीत अडकतो, त्याला शक्यतो डब्यात पाण्यासकट उचला. गोबी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात त्रासाचा, कारण तो श्रिंपच्या बिळात जाऊन बसणार. त्याच्यासाठी बाटलीचा सापळा करून आत खाणं ठेवून वाट बघा, एक-दोन दिवस गेले तरी चालेल. पण त्याला सोडून देऊ नका! बरेच जण इथेच थकतात, चार मासे काढले, तो एवढासा गोबी राहू दे, त्याच्यावर तर डाग पण नाहीये. एक मासा आत राहिला तरी पॅरासाइटला जेवण मिळत राहतं आणि तुमचे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

औषधाचं. मी तुम्हाला कॉपर सुचवते कारण ते इकवरही चालतं आणि समजा आपलं निदान चुकलं आणि व्हेल्वेट निघाला तर त्यावरही चालतं. दोन प्रकारची कॉपर औषधं मिळतात, आयॉनिक आणि चिलेटेड, आणि त्यांचे आकडे वेगवेगळे आहेत, इथे खूप लोक चुकतात. चिलेटेड कॉपरची पातळी साधारण २ ते २.५ पीपीएम ठेवतात, आयॉनिक प्रकारातल्या क्युप्रामीनची ०.५. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर मासे मरतील नाही तर पॅरासाइट जगेल. बाटलीवरचं नीट वाचा, आणि टेस्ट किट त्याच प्रकारचं कॉपर मोजणारं आहे ना ते बघा, सगळी किट चिलेटेड मोजत नाहीत. डिजिटल चेकर मिळाला तर घ्याच, रंग जुळवायच्या किटमध्ये हा फरक डोळ्याला कळत नाही.

पहिल्याच दिवशी पूर्ण डोस नाही. चार-पाच दिवसांत हळूहळू चढवा, रोज मोजा, रोज बघा खातायत का. खाणं कमी होणं कॉपरमध्ये नेहमीचं आहे, पूर्ण बंद झालं तर चढवायचं थांबवा. पूर्ण पातळीवर पोहोचलात की तिथून ३० दिवस मोजायचे, आणि मध्ये पातळी खाली घसरली तर मोजणी परत पहिल्यापासून. पाणी बदललं की नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी घालून मगच ओता, हे विसरलं की पातळी पडते आणि तुम्हाला कळत पण नाही. फिल्टरमध्ये कार्बन नको, तो औषध ओढून घेतो.

आता अमोनिया. खरं सांगायचं तर क्वारंटाइनमध्ये जेवढे मासे पॅरासाइटने जातात त्याच्यापेक्षा कमी अमोनियाने जात नसतील. नवा टँक, बॅक्टेरिया तयार नाहीत, पाच मासे आणि आपण काळजीपोटी जास्तच खायला घालतो. तुमच्या मुख्य टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या टाकीत) ठेवलेला जुना स्पंज असेल तर तो इकडे वापरा, त्यावर कवच आलं तर येऊ दे, इथे तसंही कॉपर आहे. फक्त तो परत कधी रीफमध्ये न्यायचा नाही. पहिले पंधरा दिवस अमोनिया रोज मोजा आणि वाढला की पाणी बदला, २५ टक्के, ५० टक्के, जेवढं लागेल तेवढं. आणि एक अगदी पक्कं लक्षात ठेवा, अमोनिया बांधणारी जी लिक्विड मिळतात ती कॉपर असलेल्या पाण्यात घालू नका, त्यातल्या काहींमुळे कॉपर एकदम जास्त विषारी होतं. भल्यासाठी घातलेल्या दोन झाकणांनी टँक रात्रीत रिकामा होऊ शकतो.

कॉपर नकोच वाटत असेल आणि इकबद्दल तुमची खात्री असेल तर दुसरा रस्ता टँक ट्रान्सफरचा. दोन साधे टँक किंवा मोठे डबे घ्यायचे, दर ७२ तासांच्या आत मासे एकातून दुसऱ्यात, नवं पाणी, आणि रिकामा झालेला पूर्ण धुऊन वाळवायचा, असं ४ वेळा, १२ दिवसांत काम होतं. पॅरासाइट माशावरून उतरून टँकला चिकटतो आणि त्याचं कवच फुटायच्या आत आपण मासे घेऊन निघून गेलेलो असतो, मला हा उपाय फार आवडतो कारण यात माशाच्या शरीरात काहीच औषध जात नाही. पण व्हेल्वेटवर चालत नाही आणि तास चुकवून चालत नाही, ७२ म्हणजे ७२. हायपोसॅलिनिटी म्हणजे खारटपणा १.००९ पर्यंत उतरवून तीन-चार आठवडे ठेवणं, ते पण आहे, पण रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) एका रेघेने चुकला तरी फसतं, काही स्ट्रेन त्यालाही दाद देत नाहीत, आणि व्हेल्वेटला काही फरक पडत नाही. तुमच्या जागी मी ते तिसरं ठेवलं असतं.

गोड्या पाण्याचा डिप कोणी सुचवला तर एवढंच, टेंपरेचर आणि पीएच जुळवून चार-पाच मिनिटांचा डिप फ्लूक (माशाला चिकटणारे चपटे कृमी) पाडायला चांगला, व्हेल्वेटमध्ये थोडा आराम देतो, इकवर इलाज नाही.

आता तुमचं ते, बघवणार नाही. मला समजतं. टँकची खरी हालचाल म्हणजे मासे, ते गेले की सगळं थांबल्यासारखं वाटतं. पण ते अडीच महिने, म्हणजे ७६ दिवस, कोणी मनाने काढलेले नाहीत, कवचातून पोहणारे बाहेर पडायला सहसा ३ ते २८ दिवस लागतात पण प्रयोगात काही कवचं ७२व्या दिवसापर्यंत फुटलेली नोंदवली गेलीत, त्यावर थोडे दिवस ठेवून ७६. टेंपरेचर २७ च्या आसपास ठेवलं तर दीड महिना पुरतो असं आता बरेच जण म्हणतात, आणि ते चुकीचंच आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमचे मासे तसेही महिन्यापेक्षा जास्त बाहेर राहणार आहेत, मग त्याच्यापुढच्या थोड्या आठवड्यांसाठी सगळी मेहनत पणाला का लावायची. गोबी बाहेर आला तो पहिला दिवस, तारीख लिहून ठेवा.

आणि टँक रिकामा नसतोच या काळात. कोरल आहेत, गोगलगायी आहेत, श्रिंप आहे, मासे नसताना कितीतरी छोटे जीव बाहेर येतात, कोपेपॉड, अँफिपॉड वाढतात, रात्री टॉर्च मारून बघा एकदा. फक्त एका गोष्टीकडे लक्ष पाहिजे, मासे नाहीत म्हणजे खाणं नाही आणि विष्ठा नाही, मग नायट्रेट आणि फॉस्फेट हळूहळू शून्यावर येतात, कोरल फिके पडतात आणि त्याच वेळी डायनोफ्लॅजलेट्सचा तपकिरी चिकट थर यायला लागतो. म्हणून टँकला खायला देत राहा, कोरल फूड थोडं थोडं, श्रिंपला त्याचा घास, स्किमर (पाण्यातला मळ फेसातून काढणारं यंत्र) काही तास बंद ठेवला तरी चालेल, आणि नायट्रेट-फॉस्फेट आठवड्याला मोजा. या काळात नवीन काही आणायचं नाही, ना कोरल ना गोगलगाय, कारण त्यांच्या शंखावरून आणि प्लगवरून नवं कवच आलं तर परत ७६.

यात कोणी गेलं तर, आणि जाऊ शकतं, हे आधीच सांगते म्हणजे तेव्हा तुम्ही कोसळणार नाही, तर तो मासा लगेच बाहेर काढा, त्याच्या अंगावरचे पॅरासाइट त्याला सोडून पाण्यात उतरतात. आणि बाकीच्यांची ट्रीटमेंट थांबवू नका. एक गेला म्हणून कॉपर काढून सगळ्यांना परत रीफमध्ये टाकणारे मी बघितलेत, मग सगळेच जातात.

माझ्यामुळे झालं म्हणालात. मासा क्वारंटाइन न करता सोडला, हो, त्यातून आलं हे, ते मी गोड करून सांगणार नाही. पण पाच-सहा ठिपके बघून ज्याने दुर्लक्ष केलं नाही, चौकशी केली, आणि कॉपर टाकायच्या आधी थांबून विचारलं, त्याने ती रीफ वाचवलीये, हेही तितकंच खरं आहे. हा स्वतःला दोष देत बसायचा आठवडा नाही, मासे पकडायचा आहे.

३० दिवस झाले की कार्बन लावून आणि पाणी बदलून कॉपर काढा आणि मासे तिथेच औषधाशिवाय ठेवा, रीफचे दिवस भरेपर्यंत. हा निरीक्षणाचा काळ फार मोलाचा असतो, काही राहिलं असेल तर इथे दिसेल, रीफमध्ये नाही. याच काळात प्राझिक्वांटेल देऊन फ्लूकचा पण निकाल लावून टाका, पाच-सात दिवसांच्या अंतराने दोनदा, त्या वेळी हवा जास्त सोडा. ७६ दिवस पूर्ण झाल्यावर आधी ग्रामा आणि गोबी सोडा, मग क्लाउन, आणि ब्लू टँग सगळ्यात शेवटी, म्हणजे बाकीच्यांना आपापली जागा आधी मिळते आणि भांडणं कमी होतात. त्याला पुढे मोठी जागा लागणार आहे, ३०० लिटर त्याला कायम पुरणार नाही, त्याचा विचार पण आत्तापासून करून ठेवा.

क्वारंटाइन टँक मात्र मोडू नका. धुऊन, वाळवून, ठेवून द्या. पुढचा प्रत्येक मासा आधी तिथे, महिनाभर, कितीही तब्येतीचा दिसत असला तरी, आणि प्रत्येक कोरल आणि गोगलगाय मासे नसलेल्या वेगळ्या छोट्या टँकमध्ये.

आता लिहीत बसू नका मला, आधी पाणी कालवायला घ्या. मासे बाहेर आले की दोन ओळी टाका, कॉपरचे आकडे बरोबर लिहा, कुठल्या प्रकारचं आहे ते पण, मी बघते.